करंजाडेची खिडकी

सोम. १२ जाने.
डॉ. बाईंच्या खारघरच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर मी बनवलेली खिडकी उघडली. पोरांची नावं, वजनं, लसी. खिडकीत स्वतःचं काही नाही. नाव दाबलं की सगळं मागच्या खोलीतल्या सर्व्हरवरून येतं. क्लाऊडला बाई नाहीच म्हणाल्या, "माझ्या पोरांची माहिती माझ्या दवाखान्यातच राहील." बाईंच्या करंजाडेच्या दुसऱ्या दवाखान्यातही हीच खिडकी, माहिती इथूनच जाते. टेबल तिथलं, पोरं इथली. मेट्रोत उगाच हसत बसले. नोकरी सोडल्यावरचं पहिलं माझं स्वतःचं काम.

मंगळ. १३
खारघर आटपून बाई संध्याकाळी करंजाडेला गेल्या, तर तिथली खिडकी पांढरी. फोनवर म्हणाल्या, "मधुरा, कुठल्या बाळाला कुठली लस झालीय, मला काय स्वप्न पडणार आहे का?" धावत खारघरला गेले, कुलूप. नवरोबा निखिलचा सल्ला: करंजाडेला एक कॉपी ठेव, हट्ट कशाला. नाही ठेवणार. दोन कॉप्या म्हणजे एका बाळाची दोन वजनं. निखिलवर चिडले, विनाकारण.

बुध. १४, संक्रांत
सकाळी खारघरला सर्व्हर ठणठणीत. हे काय भूत, म्हणून संध्याकाळपर्यंत तिथेच ठाण मांडलं. दवाखाना सांभाळणाऱ्या कमळाताईंनी तिळगूळ दिला, गणपतीपुढे दिवा लावला, हात जोडले आणि मेन स्विच खट्. मागच्या खोलीतला पंखा थांबला.
"ताई, रोज बंद करता?"
"रोज. आमचे घरान वायर पेटली व्हती, पोरी. मेन बंद केल्याबिगर माझा पाय निंगत नाय."
आणि मी येडी, दिवसाच टेस्ट करत होते. आधी हसू आलं, मग डोळे भरले. बाईंनी सांगून टाकलंय, शुक्रवारी करंजाडेला परत असं झालं तर जुन्या फायली बऱ्या.

गुरु. १५
हैदराबादच्या कंपनीचं मेल. नोकरीला येतेस का, उद्यापर्यंत कळव. निखिल चहा ठेवून गेला.
वायरमनने सर्व्हरला वेगळी लाईन दिली. मेन बंद केला तरी चालू राहील, म्हणाला. घाईत होता, करून दाखव म्हणायचं राहिलं. कमळाताईंनी नव्या बटणाला कुंकू लावलं. "याला हात लावायचा नाय, समजला." पण बघत होत्या ते मेनकडेच.
दुपारभर बाल्कनीत. डोंगरावर धुरकट ऊन. डोळे मिटले की सगळ्या इमारतींच्या खिडक्यांत माझी पोरं दिसतात, हलकी, कुठेच न ठेवलेली. हैदराबादहून हा डोंगर दिसणार नाही. मला जायचं नाहीये. एवढंच.

शुक्र. १६
करंजाडे. बाई वाटेत आहेत. बाकावर आया, एक बाळ माझी ओढणी चघळतंय. खिडकीत यादी आलीये.
आत्ता खारघरहून कमळाताईंचा फोन. "दिवा लावला. हात मेनवर हाय. काय करू?"
नका करू, अगदी ओठांवर आलं होतं. पण मग त्यांना रात्रभर झोप नाही.
"करा बंद, ताई."
खट् ऐकू आलं. "निंगते मी," म्हणाल्या.
नावं दिसतायत. पण एकदा आलेली यादी तशीच दिसत राहते, त्याचं काय. खरं काय ते नाव दाबल्यावरच कळणार. हैदराबादला काय लिहायचं, तेही.
पहिलं नाव ओढणीवाल्या बाळाचं. बोट ठेवलंय. दाबायच्या आधी एवढं लिहून घेते.