हॉर्न वाजला होता

आबा,

आज परभणीच्या कोर्टात साक्ष देऊन आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला थांबावं लागतं. पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा मात्र तो न बोलावता आला.

काय घडलं ते आधी सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी शिकत होते. आता झरीकडच्या एका शाळेत मराठी शिकवते. गेल्या उन्हाळ्यात, सकाळच्या शाळेचे दिवस होते, मी फाट्यावर बसमधून उतरले. माझ्या पुढून एक गवंडी सायकलवर निघाला होता. कॅरिअरला पिशवी, पिशवीतून थापीची मूठ बाहेर आलेली. अगदी कडेनं, सरळ चालला होता. मागून पिकअप आली. हॉर्न सारखा चालू. समोरून काहीच येत नव्हतं, बाजूनं जायला सगळा रस्ता मोकळा पडलेला. गवंड्यानं मान वळवली, मानेबरोबर हँडल वळलं, आणि पिकअपनं त्याला उडवलं. शेवटपर्यंत तिचा वेग कमी झाला नाही. ड्रायव्हर खाली उतरला. कोवळाच होता. पडलेल्या माणसाकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाला, "हॉर्न मारला होता की ओ मी. तुमी ऐकला न्हाई का?" मी ऐकला होता. तसं म्हणाले. मग पळत गवंड्याकडं गेले, पण तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सुट्टीत मी तुमच्या एसटीत बसून पाथरीपर्यंत यायचे ते दिवस आठवतात. तुमच्या मागच्या सीटवर मी, मांडीवर तुमचा डबा. पुढं सायकलवाला दिसला की तुम्ही गिअर कमी करता, हॉर्नला हात लावत नाही, रस्ता मोकळा होईपर्यंत त्याच्या मागं मागं चालता. गाडीत चुळबुळ सुरू होते. "ओ ड्रायव्हरसाहेब, सायकलीमागं वरात काढली का?" कुणी म्हणतो, "त्याला आत घ्या, सायकल टपावर टाका, मग तरी पळंल गाडी." कंडक्टरकाका म्हणतात, "घेतो की, पण अर्ध्या रस्त्याचं तिकीट तुमी काढा." सगळे हसतात. तुम्ही आरशातही बघत नाही. एकदाच बोललात, "त्येला मागं डोळे न्हाईत. मला म्होरं हायेत." मला तेव्हा तुमची लाज वाटायची. बाकीच्या गाड्या धूळ उडवत पुढं निघून जायच्या आणि आपली तेवढी रांगत असायची.

आठवीत तुम्ही मला सायकल आणलीत. जुनी, पण नवा रंग दिलेली. पहिल्याच आठवड्यात मी डेपोच्या रस्त्यानं येत होते, मागून ट्रक वाजला, मी वळून बघितलं आणि नालीत गेले. तुम्ही गाडी लावून गेटवर उभे होता. मला उठवायच्या आधी तुम्ही ओरडलात. "मागं कशाला बघितलंस? कितीबी वाजू दे, मागं बघायचं न्हाई!" तुमच्या गाडीतली माणसं ऐकत होती. गुडघा फुटला होता त्यापेक्षा ते जास्त लागलं.

त्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती आणि तुम्ही चुलीजवळच्या पाटावर बसला होता. मी रुसून कोपऱ्यात. तुम्ही माझ्याकडं न बघता सांगितलंत. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. पालमच्या रस्त्याला तुम्ही नवीन होता, गाडीला उशीर झाला होता. पुढं एक सायकलवाला. तुम्ही हॉर्न दिला, लांबलचक. त्यानं मागं बघितलं आणि चाकाखाली गेला. गाडीतल्या सगळ्यांनी पोलिसांना सांगितलं की ड्रायव्हरनं हॉर्न दिला होता, सायकलवालाच आडवा आला. कोर्टातही तेच सांगितलं. तुम्ही सुटलात. डेपोतल्या माणसांनी घरी पेढे आणले. "सगळे खरं बोलले," तुम्ही म्हणालात. "हॉर्न म्या वाजवलाच होता की." आई म्हणाली, "पोरीला कशाला सांगता हे?" तुम्ही पाण्याचा तांब्या उचललात आणि बाहेर गेलात. नंतर हा विषय घरात कधी निघाला नाही.

आता रस्ता रुंद झालाय आबा, सिमेंटचा. तुमची एसटी ज्या वेगानं जायची त्या वेगानं आता कुणी जात नाही. कायदाही नवा आलाय. निष्काळजीपणे गाडी चालवून माणूस मारला तर शिक्षा पूर्वीपेक्षा जास्त आहे. पण कायदा बदलला तरी फाट्यावरची समजूत तीच राहिली. हॉर्न वाजवला म्हणजे आपलं काम झालं. पुढच्यानं काय करायचं ते त्यानं बघावं.

कोर्टाच्या व्हरांड्यात गवंड्याची बायको बाकड्यावर बसली होती, शेजारी तिचा दीर. तो मला बाजूला घेऊन हळू म्हणाला, "ताई, एक काम करा. हॉर्नचं तेवढं आठवत न्हाई म्हणा. त्यांचा वकील त्याच्यावरच केस लढवायलाय. तुमी सोडून बघणारं कुणी न्हाई." बायको माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी म्हणाले, "जे बघितलं ते सांगते." त्यानं मान डोलावली. त्याला वाटलं, मी हो म्हणाले.

आरोपीच्या वकिलानं आधी तेच विचारलं. हॉर्न वाजला होता का? वाजला होता. म्हणजे चालकानं इशारा दिला. दिला. आणि सायकलस्वार गाडीसमोर वळला. मी म्हणाले, तो मागं बघायला वळला, हॉर्नमुळं वळला. वकील हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्याच्या मनात शिरला होता का?" मागं कुणीतरी खुसखुसलं. मी म्हणाले, सायकलवर मागून हॉर्न आला की मान वळते, मान वळली की हँडल वळतं. ज्यानं सायकल चालवलीय त्याला हे माहीत असतं. ड्रायव्हरलाही माहीत असायला पाहिजे. रस्ता मोकळा होता, त्यानं वेग कमी केला नाही, बाजूनं गेला नाही, फक्त वाजवत आला. न्यायाधीशांनी एकेक वाक्य टंकलेखकाला सांगितलं. निकाल कधी लागेल आणि काय लागेल, मला माहीत नाही. सरकारी वकील कागद गोळा करून निघून गेले.

बाहेर आले तेव्हा बायको उभी राहिली. "हॉर्न वाजला म्हणालात?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले, पुढचंही सांगायला लागले, पण ती ऐकत नव्हती. "तुमी शिकलेल्या. तुमचं खरं तुमच्यापाशी ऱ्हाईल. मी घरी काय नेऊ?" दीर तिला हाताला धरून जिन्याकडं घेऊन गेला.

एक राहिलं. वकिलानं शेवटी विचारलं होतं, मोठी गाडी कशी चालवतात यातलं मॅडमना काय कळतं? मी म्हणाले, माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, त्यांनी शिकवलं. तो म्हणाला, "असं का. मग त्यांच्या हातून आयुष्यात कधी कुणी सायकलवाला दगावला नसेल."

मी म्हणाले, "नाही."

विचार करायलाही थांबले नाही. टंकलेखकानं तेही उतरवून घेतलं. त्या बाईसाठी एक शब्द फिरवायला मी तयार नव्हते, आणि तुमच्यासाठी शपथेवर खोटं बोलले. तुम्ही मला तसं करू दिलं नसतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिलंय, त्या बाईला नाही.