सगळं सरी

रविवार, संध्याकाळ

माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची गिटार राजाजीनगरच्या दुकानातून दुरुस्त करून आणली. तो गेल्यापासून मीच वाजवते. तारा दांडीपासून फार वर, दाबताना बोटं दुखायची. तेवढ्याच खाली घ्यायच्या होत्या. पण घाईत मोडक्या कानडीत बोलून गेले, "सगळं सरी माडी," सगळं नीट करा.

"नोडी अक्का, होसदु!" दुकानदार खुशीत. खरंच, नवीकोरी केलीय. पण भोकाखाली, अण्णा वाजवताना करंगळी टेकवायचा तिथलं उडालेलं पॉलिशही त्याने भरून टाकलं. त्याला काय बोलणार? शब्द माझेच. तारांपुरतंच का नाही सांगितलं मी?

घरी वहिनीने गिटार मांडीवर घेतली. तिचं बोट सरळ करंगळीच्या जागी गेलं आणि घसरलं.

"छान चकचकीत झाली गं," म्हणाली. मग कितीतरी वेळ ती जागा चाचपडत राहिली.