आधी इंजिनाला हात, मग चहा

मी, अंबाजी हणमंतराव मेत्रे, वय एकाहत्तर, राहणार कोहिनूर, तालुका बसवकल्याण, जिल्हा बिदर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीला पाडलेलं नाही. छाती साथ देत नसली तरी डोकं ठिकाणावर आहे. पत्नी बाणूबाई हिला यात शंका असल्यास तिनं आत्ताच बोलावं.

कलम १. घर व विहिरीकडचं शेत बाणूबाईच्या हयातीत तिचंच राहील. अठ्ठावीस वर्षं मी गोव्याच्या किनाऱ्यावर बोटींची इंजिनं उघडत बसलो आणि ही इथं एकटी तूर राखत बसली. त्यामुळं हे 'मी तिला देतो' असं लिहायलाही लाज वाटते. तिच्यामागं घर व शेत चिरंजीव रविकुमार याचं. त्यानं गळका पत्रा बदलावा, आईला आपल्या कोळारच्या भाड्याच्या खोलीत नेऊन कोंडू नये.

कलम २. माझा टॉर्च शेजारच्या भीमण्णानं तीन वर्षांमागं नेला, तो अजून आलेला नाही. तो आता त्यालाच दिला. खाली साक्षीदार म्हणून सही करताना त्यानं हे कलम नीट वाचावं.

कलम ३. बँकेतली ठेव व हत्यारांची पेटी कन्या रेणू हिला. त्यातून ती गोव्याहून वापरलेली फ्लायब्रिज बोट, म्हणजे वरच्या मजल्यावरही स्टेअरिंग असलेली, आणून इथल्या धरणावर लोकांना फिरवणार आहे. रविकुमार तिला म्हणाला, "अक्का, हे बोटीचं येड कुठून भरलं?" माझ्याकडून भरलं, बाबा. बोट बघायला मीच सोबत जाणार होतो. आता डॉक्टर जिनासुद्धा चढू देत नाहीत. म्हणून पुढचं लिहितो, तेही कलमातच धरावं.

रेणू, पाण्यावर डुलणारी बोट बघून भुलू नको. बाहेर काढायला लाव. तळाला फोड आलेत का बघ. पेटीतल्या छोट्या हातोडीनं तळभर हळू ठोक, मडकं घेताना वाजवतो तसं. आवाज टणक यावा. बद्द आला तर आत पाणी मुरलंय. मागचा पंखा धरून हलव, खुळखुळला तर सोड. मग वर चढून पाय दाबत चाल, आणि खाली येऊन छताचे डाग बघ. वरच्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी गळायला लागलं की पहिला डाग तिथंच पडतो. दोन्ही स्टेअरिंगवरून पुऱ्या वेगात चालवून बघ. पुढं धंदा सुरू झाला की वर माणसं बेतानंच बसव, आपली माणसं फोटोसाठी सगळी एकाच बाजूला धावतात.

आणि इंजिन थंड असतानाच सुरू करायला लाव. विकणारा म्हणेल, "आधी चहा घ्या." आपल्याकडं चहाला न्हाई म्हणलं की अपमान होतो, हे त्यालाही ठाऊक असतं. तुझा कप रिकामा होईस्तोवर त्याचा माणूस इंजिन तापवून ठेवतो. तापलेलं इंजिन रोग लपवतं. मालकासाठी बोट बघताना मी असाच फसलो होतो, महिन्यात इंजिन बसलं. त्यानंतर मी आधी इंजिनाला हात लावायचो, मग कपाला.

एकदाच विसरलो. चिटगुप्प्याला तुझं स्थळ बघायला गेलो तेव्हा. चहा आला, पोहे आले, गोड बोलणं झालं. मी शेजारीपाजारी विचारलं नाही, काही ठोकून बघितलं नाही, कप खाली ठेवला आणि होकार दिला. आठ महिन्यांनी तू पिशवी घेऊन दारात उभी राहिलीस. गालावर वळ होता. तो मला दिसला होता. तरी मी विचारलं, "कामून परत आलीस?" तू आत गेलीस आणि भाकरी थापायला बसलीस. पोरी, चूक माझी होती. तुझी कधीच नव्हती. हे तोंडानं सांगायला मला जमलं नाही.

कलम ४. बोटीत एक जरी खोट दिसली तरी रेणूनं ती न घेता परत यावं. ती जितक्या वेळा रिकाम्या हातानं परत येईल, तितक्या वेळा घरातल्यांनी दार उघडावं, पाणी द्यावं आणि 'कामून परत आलीस' असं विचारू नये. हे घर पुढं ज्याच्या ज्याच्या नावावर होईल, त्या प्रत्येकाला ही अट लागू राहील.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. काही खोडायचं नाही.

सही: अंबाजी हणमंतराव मेत्रे

आमच्यासमोर सही झाली:
१. भीमण्णा, राहणार कोहिनूर
२. आप्पाराव, राहणार कोहिनूर

ठिकाण: कोहिनूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४