रूपसिंग तांड्याची नर्सबाई

मुक्काम उमरखेड,
दिनांक ११ डिसेंबर १९६४

प्रति,
मा. योजना अधिकारी साहेब,
ग्रामीण प्रसूती-साहाय्य योजना,
जिल्हा कार्यालय, यवतमाळ.

विषय : मंजूर झालेली परिचारिका तांड्याचे नाव बदलल्यामुळे परत गेल्याबाबत, व तांड्यास पुन्हा न बदलणारे नाव देऊन ती परत मिळण्याबाबत.

संदर्भ : (१) आपला मंजुरी आदेश, दि. १६ मार्च १९६४. (२) अर्जदाराचे पत्र, दि. २० जून १९६४. (३) आपले शुद्धिपत्र, दि. १९ ऑक्टोबर १९६४. (४) आपले उत्तर, दि. २४ नोव्हेंबर १९६४.

महोदय,

१. अर्जदार रामधन वल्द रूपसिंग, जात बंजारा, वय अंदाजे बावन्न, धंदा शेती, राहणार पुसद तालुक्यात फुलसावंगीपासून चार कोस आत, डोंगराच्या कुशीतला एक्केचाळीस घरांचा तांडा. तांड्याचे नाव येथे मुद्दाम लिहिलेले नाही. अर्ज त्याच नावाबद्दल आहे, आणि ते आधीच लिहिले तर कागद कोणत्या फायलीत जाईल याचा भरवसा उरलेला नाही. अर्जदाराची मुलगी भुरीबाई हिला नववा महिना चालू आहे. मार्गशीर्ष सरता सरता ती मोकळी होईल, असे जाणत्या बायका सांगतात. म्हणजे साहेबांच्या हाती आजपासून सुमारे तीन आठवडे आहेत.

२. सन १९६२ च्या श्रावणात अर्जदाराची सून जमनी, म्हणजे मुलगा प्रेमसिंग याची बायको, अडली. तांड्याची दाई लालीबाई हिने दोन दिवस जेवढे ठाऊक होते तेवढे केले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आता माह्या हातचं नाही राह्यलं, रामधन. मोठ्या दवाखान्यात न्या." जमनीला बाजेवर घालून चौघांनी खांद्यावर घेतले. दीड कोसावरचा नाला दुथडी भरून वाहत होता. सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत बाज काठावर ठेवून माणसे पाणी उतरायची वाट पाहत बसली. पाणी दोनला उतरले. जमनी त्याआधी गेली होती. मूल पोटातच राहिले. लालीबाईने त्या दिवसापासून बाळंतपणाला हात लावलेला नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण कारण ते नाही. कारण ती सांगत नाही आणि तिला कोणी विचारीत नाही.

३. अर्जदाराचे वडील रूपसिंग हे तांड्याचे नाईक होते. नातसुनेच्या दहाव्यालाच त्यांनी अर्ज केला. पुढचे सोळा महिने ते कार्यालयात जात राहिले. जानेवारी १९६४ मध्ये आपल्या कार्यालयाचे एक डॉक्टरसाहेब तांड्यावर आले. नाला पाहिला, बाज पाहिली, चहा घेतला. मार्चमध्ये आदेश आला : "रूपसिंग नाईक तांडा, तालुका पुसद, येथे एक परिचारिका मंजूर. राहण्यासाठी खोली ग्रामस्थांनी द्यावी." ग्रामस्थांनी दिली. दहा बाय बाराची, दगडी जोत्याची, कौलारू, आत चुना मारलेली, दाराला दिग्रसहून आणलेले कुलूप. बायकांनी आपण होऊन चूल घातली. नर्सबाई एकटी राहणार, तिला धूर लागू नये म्हणून धुराडेही ठेवले. तांड्यात दुसऱ्या कोणाच्या घराला धुराडे नाही.

४. महोदयांना तांड्याची एक रीत सांगणे भाग आहे. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखातून फिरत. आज येथे, चार महिन्यांनी शंभर कोसांवर. अशा वस्तीला जागेचे नाव कसे पडणार? गाव जागेवर असते, तांडा माणसामागे असतो. म्हणून जो नाईक, त्याच्या नावाचा तांडा. आजोबांच्या काळी हा बाबूसिंग नाईक तांडा होता, वडिलांच्या काळी रूपसिंग नाईक तांडा. फिरणे थांबून साठ वर्षे झाली, जमिनी नावावर झाल्या, पण रीत राहिली. ती मोडावी असे कोणाला वाटले नाही, कारण तिने आजवर कोणाचे काही बिघडवले नव्हते.

५. दिनांक १८ मे रोजी रूपसिंग नाईक वारले. दिवस झाल्यावर पंचांनी अर्जदाराच्या डोक्याला पगडी बांधली आणि तांडा रामधन नाईक तांडा झाला. लोकांनी हौसेने सागवानी फळी रंधा मारून घेतली. प्रेमसिंग चौथी शिकलेला. त्याने डांबराने मोठ्या अक्षरांत "रामधन नाईक तांडा" असे लिहिले आणि पाटी उमरखेड रस्त्याच्या फाट्यावर रोवली. नर्सबाईला वाट सापडावी हाच हेतू होता. एवढ्यावर न थांबता अर्जदाराने दि. २० जून रोजी आपणांस पत्र धाडले : वडील वारले, आता तांडा अमुक नावाचा, खोली तयार आहे, बाईंना पाठवावे. साहेबांपासून काही लपवू नये, अशी अर्जदाराची समजूत होती. या प्रकरणात कोणाची चूक काढायची झाली तर पहिली चूक ही, आणि ती अर्जदाराची आहे.

६. आमच्यात पहिले बाळंतपण माहेरी होते. भुरीबाईचे सासर दारव्हा तालुक्यात, दिग्रसपासून अर्ध्या कोसावरच्या तांड्यावर आहे. दिग्रसला दवाखाना आहे. तिच्या सासूने सुचवले होते की, "पोरीला इथंच राहू द्या, दवाखाना जवळ हाय." अर्जदाराने ऐटीत उत्तर दिले की, "तुमच्याजवळ दवाखाना आहे, आमच्या तर दारात नर्सबाई बसणार आहे." आणि २७ सप्टेंबरला, सातवा लागताच, तो मुलीला माहेरी घेऊन आला. भुरीबाईने येताच खोली पाहिली, धुराडे पाहिले आणि हसून म्हणाली, "बा, एवढं तर माह्या लग्नात नाही केलं तू."

७. दिनांक ५ ऑक्टोबर, सोमवार. परिचारिका विमलताई ट्रंक आणि वळकटी घेऊन दुपारी फाट्यावर उतरल्या. माणसे शेतात होती. पाटीजवळ लालीबाई शेळ्या चारीत होती. बाईंनी आपला कागद पाहिला, पाटी वाचली आणि विचारले, रूपसिंग नाईक तांडा कोणता? लालीबाई म्हणाली, "तो नाही राह्यला बाई. रूपसिंग वैशाखात गेला. हा रामधनचा तांडा." सांगितले ते अक्षर न् अक्षर खरे होते. बाई परतीच्या गाडीने गेल्या. संध्याकाळी लालीबाईने ही गोष्ट सांगितली तेव्हा प्रेमसिंग फाट्यापर्यंत धावत गेला. ट्रंक ठेवल्याची चौकट तेवढी धुळीत उमटलेली होती. "तू तिले बसवून काहून नाही घेतलं?" असे विचारल्यावर लालीबाई म्हणाली, "मले वाटलं, मतदार यादीवाली बाई हाय. मेलेल्याचं नाव यादीतून काढाले आली असंन." त्यानंतर ती तीन दिवस जेवली नाही.

८. पुढची हकीकत आपल्या दप्तरी आहेच. बाईंनी "गाव आढळले नाही" असा अहवाल दिला. कार्यालयाने शोध घेतला. अर्जदाराचे जूनचे पत्र सापडले, आणि तोच पुरावा ठरला की रूपसिंग नाईक तांडा आता अस्तित्वात नाही. मात्र यादीत त्याच नावाचा आणखी एक तांडा निघाला, दारव्हा तालुक्यात, दिग्रसपासून अर्ध्या कोसावर. मग शुद्धिपत्र निघाले : "तालुका पुसद याऐवजी तालुका दारव्हा असे वाचावे." तसे वाचले गेले आणि विमलताई तेथे रुजू झाल्या. महोदयांच्या ध्यानात आले असेलच, तरी लिहितो : तो भुरीबाईच्या सासरचा तांडा आहे. मुलीला जेथून आणले तेथे नर्सबाई पोचली. नर्सबाईसाठी खोली बांधली तेथे मुलगी राहिली.

९. अर्जदार दिग्रसला जाऊन विमलताईंना भेटला. बाई भल्या आहेत. त्यांनी चहा दिला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "नाईक, तुमची ती पाटी नसती ना, तर मी विचारत विचारत तांड्यावर आले असते हो." रुजू झाल्यापासून त्यांच्याकडे एकच बाळंतपण आले, बाकीच्या बायका जवळच्या दवाखान्यातच जातात. हुकुमाशिवाय त्यांना मुख्यालय सोडता येत नाही. त्या म्हणाल्या, मुलीला इकडे आणा. परंतु भुरीबाईचे पाय आणि तोंड सुजले आहे, डोळ्यांपुढे अंधारी येते. फुलसावंगीच्या डॉक्टरांचा कंपाउंडर पाहून गेला. बैलगाडीचे दणके बसले तर वाटेतच काही होईल, असे तो बजावून गेला. राहता राहिली बाज. भुरीबाई म्हणते, "मले त्या बाजेवर नोको नेऊ, बा. वहिनी तिच्यावरून परत नाही आली." तांड्यात दुसऱ्या बाजा आहेत. पण कोणतीही पुढे केली तरी तिला तीच दिसते.

१०. अर्जदार आपल्या कार्यालयात पाच वेळा आला. लिपिकसाहेबांनी प्रत्येक वेळी कारण समजावून दिले, याबद्दल आभार. पहिल्या वेळी ते म्हणाले, "नाईक, तुमचं गाव कागदावर मेलं आहे. मेलेल्या गावाले नर्स कशी देता येईल?" दुसऱ्या वेळी : रामधन नाईक तांडा या नावाने नवा अर्ज करावा, पाहणी होईल, पुढील वर्षाच्या तरतुदीत विचार होईल. तिसऱ्या वेळी अर्जदाराने जुने नाव परत घेण्याची तयारी दाखवली. उत्तर मिळाले की तसे करायचे तर विद्यमान नाईक रूपसिंग आहेत असा दाखला हवा. अर्जदार पगडी उतरवायला तयार आहे, तसे त्याने पंचांसमोर सांगितले. पण तांड्यात रूपसिंग नावाचा दुसरा माणूस नाही. चौथ्या वेळी लिपिकसाहेब गमतीने म्हणाले, "घाई काहून करता? मुलीले मुलगा होऊ द्या, नाव ठेवा रूपसिंग, बांधा पगडी अन् या घेऊन." शेजारच्या टेबलांवरचे लोक हसले. अर्जदारही हसला, कारण काम करून घ्यायचे होते. परंतु नोंदीसाठी सांगणे आहे की मुलीचा मुलगा तिच्या सासरच्या गोताचा, तो आमचा नाईक होत नाही. आणि त्याहून अगोदरची अडचण अशी की तो जन्माला यावा लागेल. नर्सबाई हवी आहे ती त्यासाठीच.

११. पाचव्या वेळी दि. २४ नोव्हेंबरचे उत्तर हाती मिळाले. ते दोनच ओळींचे आहे : "रूपसिंग नाईक तांडा (पुसद) अस्तित्वात नाही. रामधन नाईक तांडा येथे परिचारिका मंजूर नाही." दोन्ही वाक्ये खरी आहेत. अर्जदार परतताना ती दुसऱ्यांकडून वाचून घेत उमरखेडच्या स्टँडवर गाडी सुटेपर्यंत बसला. एकही शब्द खोटा नसताना मुलीचा जीव जाऊ शकतो, हे त्याला तोवर ठाऊक नव्हते.

१२. त्यानंतर पंच बसले. प्रश्न एकच होता : तांड्याला असे कोणते नाव द्यावे, की जे साहेबांच्या कागदावर पुन्हा मरणार नाही? नाईकाचे देता येत नाही, नाईक मरतात. कोणी म्हणाले, साहेबांचेच द्या. पण साहेबांची बदली होते. शेवटी कोपऱ्यात बसलेली लालीबाई बोलली. पंचांत बाईने बोलायची चाल नाही. ती म्हणाली, "जमनीचं द्या. ती एकदा मेली, आता तिले कोण मारते?" तांड्याला बाईचे नाव आजवर कोणी दिलेले ऐकिवात नाही. तरीही कोणी नाही म्हटले नाही.

१३. सबब विनंती की :
(अ) या तांड्याची नोंद "जमनी तांडा, तालुका पुसद" अशी करावी. हे नाव पुढे बदलणार नाही, असे पंच लिहून देत आहेत.
(आ) नवे शुद्धिपत्र काढून "तालुका दारव्हा याऐवजी तालुका पुसद असे वाचावे", असे कळवावे. एकदा वाचता आले ते पुन्हा वाचता यावे.
(इ) एवढे सगळे डिसेंबरअखेर जमणारे नसेल, तर विमलताईंना फक्त पंधरा दिवसांसाठी मुख्यालय सोडण्याचा तोंडी हुकूम द्यावा. बैलगाडी फाट्यावर रोज उभी राहील.

१४. जुनी पाटी अर्जदाराने उपटली असून ती या अर्जासोबत जमा करीत आहे. तिचा पुरावा म्हणून कोणी उपयोग करील याची त्याला धास्ती आहे. नवी पाटीही प्रेमसिंगनेच रंगवली. बायकोचे नाव लिहिताना त्याचा अक्षरांचा अंदाज चुकला. वरच्या अर्ध्या फळीतच मजकूर संपला आणि खाली हातभर जागा कोरी राहिली. तेथे दुसरे नाव लिहायची वेळ न येता ती कोरीच राहावी, एवढेच मागणे आहे.

आपला नम्र, आणि पुढेही नम्रच राहू इच्छिणारा,

(डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी)
रामधन वल्द रूपसिंग

अर्ज लिहून देणार : पुंडलिकराव, वार्ताहर, उमरखेड. अर्जदाराने सांगितले तसे लिहिले, वाचून दाखविले, त्याने कबूल केले.

सोबत :
१. मंजुरी आदेश, शुद्धिपत्र व उत्तर यांच्या नकला.
२. पंचांचे लेखी निवेदन. त्यावर शेवटचा अंगठा लालीबाईचा.
३. पाटी, सागवानी, "रामधन नाईक तांडा" असे लिहिलेली, नग एक.
४. परिचारिकेच्या खोलीची किल्ली, नग एक. दुसरी किल्ली नाही. ती ज्यांच्या हाती द्यायची त्यांच्याच हाती द्यावी.