आकाशवाणी, नामपूर केंद्र

नाशिक,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय आशामावशी,

नमस्कार. तू आणि काका बरे असाल. आईचे गुडघे दुखतात, तरी भाजी आणायला स्वतःच जाते. माझं अंबडच्या कारखान्यातलं काम चालू आहे. हे सगळं तुला फोनवर कळतंच. म्हणून आज जे कळत नाही ते लिहिते.

तुझी ही भाची शुक्रवारी डबा उघडायच्या आधी नव्या सिनेमाची तिकिटं बघते. सिनेमा वाईट निघाला तर तिला जास्त आनंद होतो, कारण त्यावर लिहिता येतं. मिशी लावून आलेल्या नायकाला सख्खी आई कशी ओळखत नाही, यावर मी सहाशे शब्द लिहिले आहेत. माझ्या ब्लॉगचं नाव 'पर्समधला चिवडा'. थिएटरच्या दारावरच्या बाईंनी एकदा माझा चिवडा काढून घेतला आणि सिनेमा सुटल्यावर अर्धाच परत दिला, तेव्हापासून हे नाव. लोक वाचतात, हसतात. मला तेवढंच हवं असतं.

सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख तुझ्यावर होता, हे तुला माहीत आहे. 'आकाशवाणी, नामपूर केंद्र'.

काकांना साखरेसाठी डॉक्टरांना दाखवायचं म्हणून तुम्ही महिन्यातल्या एका शनिवारी नामपूरहून नाशिकला यायचात. मग आपण तिघं सिनेमाला जायचो आणि तू अख्खा सिनेमा अहिराणीत मोठ्याने सांगायचीस. 'तो उना, दारमा उभा शे, हातमा बंदूक शे.' पुढच्या रांगेतले चुकचुकायचे. मी ते सगळं लिहिलं. वर, मावशीचा पडद्यावर विश्वास नाही, असंही ठोकून दिलं.

मे महिन्यात घरच्या लग्नात लोकांनी तुला त्याच नावाने हाका मारल्या. तू हसलीस. त्यानंतर तुम्ही सिनेमाला आला नाहीत. आईला म्हणालीस, उन्हाचा त्रास होतो. थिएटरात एसी असतो, मावशी.

मागच्या आठवड्यात तुझा कुंदन मोटारीचे सुटे भाग घ्यायला आला होता. मावशी हल्ली सिनेमाला का येत नाही, असं जेवताना मी सहज विचारलं. तो म्हणाला,

"राखीताई, बाबांना दोन वर्षं झाली, पडद्यावर नुसता उजेड दिसतो. आई त्यांच्यासाठी सांगायची."

बाजारात काका कांदा हाताने चाचपून बोली लावतात आणि बाकीचं कुंदन कानात सांगतो, हेही तेव्हाच कळलं. व्यापाऱ्यांत बोभाटा नको म्हणून तुम्ही आम्हालाही सांगितलं नाहीत. मी दोन वर्षं शेजारी बसत होते. काका हळूच "आते काय व्हयनं?" विचारायचे. मला वाटायचं, त्यांना डुलकी लागली असेल.

लेख काढून टाकला आहे. माफी तिथेच मागायला हवी होती, पण खरं कारण लिहिलं तर काकांचं गुपित उघडं पडेल. म्हणजे वाचकांसाठी तू बडबडीच राहणार. ते मला दुरुस्त करता येत नाही. तुलाही एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं, पण तू ते वाक्य बोलली नाहीस.

काका आता शनिवारी काय करतात, असं कुंदनला विचारलं. ओट्यावर बसतात, म्हणाला.

येत्या शनिवारी, वीस तारखेला, सकाळच्या खेळाची तीन तिकिटं काढली आहेत. काकांना मधे बसव. या वेळी मी सांगेन. मला अहिराणी नीट येत नाही, ते हसतील, हसू देत. तू नुसतं बघ. दोन वर्षांत तू एकही सिनेमा गप्प बसून पाहिलेला नाहीस.

मागे वळून कोणी रागावलं, तर ते माझ्यावर.

काकांच्या पलीकडच्या खुर्चीवर तुमची वाट बघणारी,
राखी