काकूचं नाक

२ मार्च

तीर्थरूप काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या चिमीचे फोटो आमच्या कंपनीने उजेड कमी म्हणून परत केले, असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते चूक होतं. उजेडात तुमचा हात कोण धरणार? मी नुसतं परत आलेलं पाकीट पाहिलं आणि कारण अंदाजाने लिहिलं. जाहिरातींसाठी नव्या मुली निवडणाऱ्या आमच्या बाईंना आज विचारलं, तेव्हा खरं कळलं.

बाईंनी चिमीच्या फोटोशेजारी तुमच्याच स्टुडिओतून आलेले आणखी दोन फोटो मांडले आणि तिघी सख्ख्या बहिणी का, असं विचारलं. एक शिंप्याची, एक पोस्टमास्तरांची आणि एक आपली. काका, तिघींना काकूचं नाक आहे! फोटोतले चेहरे सुधारायचा ब्रश तुमच्याकडेच धरायला शिकले, म्हणून लगेच ओळखलं. बँकेतल्या कारकुनाने ओळखपत्रावरचा तुमचा फोटो पाहून शिंप्याला परत पाठवलं होतं, तेही याच नाकापायी.

नैसर्गिक फोटो म्हणजे कुंडीशेजारी बसवून पंख्याने केस उडवणं नव्हे. तोंड धुतलेलं, केस मागे बांधलेले, साधी भिंत, खिडकीचा उजेड. समोरून एक, बाजूने एक. चिमीचं खरं नाक आजोबांचं, लांब आणि मधे जरा वाकलेलं. ते बाईंनी पाहिलेलंच नाही. निवड पंधरा तारखेला बंद होते. ब्रश न लावता फोटो पाठवाल ना? तिला फार आशा आहे.

रागावू नका. रागावलात तरी जेवण टाळू नका. लोभ आहेच, तो या पत्राने कमी होऊ नये.

तुमची पुतणी


७ मार्च

चि. अतिशहाणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या काकूने ते वाचल्यापासून आरशासमोर मुक्काम ठोकला आहे. भाजी करपली, तिचं पाप तुझ्या माथी.

तुझी बाई मुली निवडते की चोरांची ओळखपरेड घेते? तोंड धुऊन भिंतीला उभं करायचं, समोरून एक, बाजूने एक! असले फोटो पोलीस चौकीत काढतात, आणि तेही फुकट. माझ्या स्टुडिओत आला त्याहून वाईट दिसत कोणी बाहेर पडलेला नाही.

आजोबांचं नाक मी जन्मभर वागवतो आहे. शाळेत पोरं मला टोचा म्हणत. माझ्या लेकीचं नाक परक्यांच्या टेबलावर हसायला ठेवणार नाही. फोटो जाईल तर माझ्या हातचा, नाहीतर जाणारच नाही. चिमीला तसं सांगितलं. ती न जेवता झोपली. तुझीच कृपा.

शिकवलेलं विसरलीस तरी चालेल, मला शिकवायला येऊ नकोस. तब्येतीस जप.

काका


१० मार्च

तीर्थरूप काकांस,
सा. न. वि. वि.

टोचाचं मला ठाऊक नव्हतं. पण चिमीला कुणी हसू नये म्हणून तुम्ही जो फोटो केलात, तो पाहून बाई हसल्याच. चिमीला नव्हे, आपल्या स्टुडिओला. आणि तिचा चेहरा दाखवण्याजोगा नाही, हे तिला शाळेतल्या पोरांनी नाही, बापाने सांगितलं. तोंडाने नाही, ब्रशने.

बाई तिला घेतीलच असं मी म्हणत नाही. बहुतेक मुलींना नकारच येतो. पण आला तर तो तिच्या नाकाला यावा, काकूच्या नको.

मी मुद्दाम वाईटही काढणार नाही. फार जवळून काढलं की नाक उगाच फुगतं, म्हणून मागे सरून काढीन. हस म्हणणार नाही. गप्पा मारीन, आणि ती उत्तर देऊन थांबली की खटका दाबीन. स्टुडिओत नको असेल तर जिन्यातल्या खिडकीशी. तिथून हाकललंत तर रस्त्यावर. चिमीला विचारलं आहे. ताईने यावं, एवढंच तिने उत्तरात लिहिलं. तुमच्या पाठीमागे आले असते तर मला अन्न गोड लागलं नसतं, म्हणून आधी कळवते.

काकूला नमस्कार सांगा. तिचं नाक तिच्याच चेहऱ्यावर शोभतं, हेही सांगा. तुमचा लोभ निदान तोवर तरी टिकू द्या: १४ मार्चला, गुरुवारी सकाळी, तुम्ही स्टुडिओ उघडायच्या आत, मी चिमीचा फोटो काढणार आहे.

तुमची पुतणी