लाल सेकंद काटा

बाबा,

तुमचं घड्याळ माझ्यासमोर टेबलावर आहे आणि चालू आहे. सकाळी चावी दिली. हातावर असताना चावी देऊ नये, एका बाजूला जोर येऊन आतली दांडी झिजते, हे मला आता कळलं आहे, म्हणून काढून हातात घेते. तुम्ही कसे देत होता ते आठवून पाहिलं. चहा पिता पिता देत होता एवढं दिसतं. घड्याळ मनगटावर होतं की कपाशेजारी ठेवलेलं, ते मात्र दिसत नाही. असे लहान लहान प्रश्न हल्ली मला फार पडतात, आणि तुमच्याशिवाय त्यांचं उत्तर कोणाकडे नाही.

पाटबंधारे खात्यातली नोकरी संपल्यावर मला जुन्या घड्याळांचा नाद लागला. तुम्ही हसाल. शाळेला निघताना मला रोज घड्याळ दाखवून दाखवून तुम्ही थकला होता. सुरुवात फोनवर झाली. कोणीतरी विकायला काढलेल्या घड्याळाचा फोटो पाहिला, चावीचं जुनं घड्याळ, पण तबकडी गर्द निळी आणि काचेखाली एक डाग नाही. मी घेतलं. मग एक हिरवं घेतलं, मग एक नारिंगी. माझा विचार सरळ होता. इतक्या वर्षांनी इतकं नवं दिसतं म्हणजे ते कोणीतरी फार जपलं असणार. ऑफिसात जुन्या फाइली पाहण्यात माझा जन्म गेला, जुना कागद पांढराशुभ्र दिसला तर मला लगेच शंका आली असती. घड्याळाच्या बाबतीत ती आली नाही.

सीताबर्डीला एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांच्या पुढच्या खोलीत रविवारी सकाळी जुन्या घड्याळांचे शौकीन जमतात. भाचीने पत्ता शोधून दिला आणि मी मेट्रोने गेले. बायकांत मी एकटीच होते. पोहे झाले, चहा झाला, मग मी पिशवीतून तिन्ही घड्याळं काढून मांडली. गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान असलेले एक शेटजी तिथे नेहमी येतात, त्यांनी निळं उचललं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "ताई, घड्याळ नाही जी हे, नवरी होय. सीधी पार्लरमधून उचलून आणली तुम्ही." सगळे हसले, मीही हसले, पण काय ते मला कळलं नव्हतं. मग इंजिनिअरांनी भिंग माझ्या हातात दिलं. तबकडी नव्याने रंगवलेली होती. अक्षरं जाड, एका अक्षराचा पाय दुसऱ्यात गेलेला, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नव्हत्या. शिवाय घड्याळाची बाहेरची डबी घासून इतकी चकचकीत केली होती की तिचे कोपरेच गेले होते. शेटजी म्हणाले, "काठ घासून टाकले, आता लुगडं कशाले म्हणायचं?"

मी घड्याळं पिशवीत भरायला लागले तेव्हा इंजिनिअर थांबा म्हणाले. त्यांच्यात एक रीत आहे. नवीन माणूस आला की प्रत्येकाने आपलं पहिलं फसलेलं घड्याळ दाखवायचं. ते कोणी विकत नाही, त्यासाठीच जपून ठेवतात. शेटजींनी खिशातून एक काढलं, त्याची तबकडी एका कारखान्याची, मशीन दुसऱ्याचं आणि पाठ तिसऱ्याची. इंजिनिअरांनी कपाटातून आपलं आणलं. त्याची तारीख त्यांनी रात्री बाराच्या सुमारास हाताने फिरवली होती, तेव्हा आतली चाकं आपणच तारीख बदलण्याच्या कामाला लागलेली असतात, आणि एक दात मोडला. इंजिनिअर असून तुम्ही असं केलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, इंजिनिअर होतो म्हणूनच कोणाले विचारलं नाही. मग मला तिथे बरं वाटलं. माझं निळं घड्याळही आता त्या कामासाठी ठेवलेलं आहे.

वर्षभरात मी बरंच शिकले, आणि नव्याने शिकणाऱ्याचं होतं तसं माझं झालं. चूक दिसली की आनंद व्हायचा. हा काटा यातला नाही, ही काच मागून बसवलेली आहे, असं मी न विचारता सांगायला लागले. तशात एक दिवस आईच्या कपाटातून तुमचं घड्याळ काढलं. तुमच्याच रुमालात गुंडाळलेलं होतं. खरं म्हणजे ते मी हातात घेऊन जरा बसायला हवं होतं. पण मी भिंग लावलं. पांढरी तबकडी अस्सल, आता थोडी पिवळी पडलेली. डबीचे कोपरे शाबूत. तास आणि मिनिटाचे काटे बरोबर. सेकंद काटा मात्र लाल, आणि इतका लांब की टोक मिनिटांच्या रेघांच्या बाहेर जात होतं. या घड्याळाला पांढरा, बारीक काटा येतो. तुमचं घड्याळ जोडाजोडीचं निघालं याची मला शरम वाटली, तुमच्या वतीने.

इंजिनिअरांकडे तसला पांढरा काटा होता. त्यांनी तुमचं घड्याळ बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "लाल काटा काहून लावला असंन यांनी?" मी म्हणाले, बाबा साधे होते, दवाखान्यात कंपाउंडर होते, एखाद्या दुकानदाराने फसवलं असेल. ते नुसतं हं म्हणाले. लाल काटा काढून त्यांनी आपल्या सुट्या काट्यांच्या डब्यात टाकला आणि पांढरा बसवला. घड्याळ आता अगदी बरोबर झालं. मी ते कौतुकाने घरी आणलं.

पुढे काही दिवसांनी मी तपासणीसाठी दवाखान्यात गेले. तिथल्या मुलीने माझ्या बोटाला एक चिमटा लावला, त्यावर लाल आकडे उमटले. हे ठोके कसे मोजतं असं मी तिला विचारायला लागले, तर ती म्हणाली, "मावशी, बोलू नका ना, आकडा बदलते."

आणि मी तुमच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर आहे. ताप आहे, पाय खाली पोचत नाहीत. विजेचा दाब कमी झालाय, बल्ब पिवळा जळतो आहे. डॉक्टर अजून यायचे आहेत. तुम्ही औषधाच्या बाटलीवर मात्रेची कागदी पट्टी चिकटवून हात पुसता, माझ्याजवळ बसता, माझं मनगट धरता आणि आपला डावा हात वळवता. घड्याळाची तबकडी तुमच्या मनगटाच्या आतल्या बाजूला आहे, तुम्ही नेहमी तशीच घालता. मी काहीतरी सांगायला लागते. तुम्ही म्हणता, "बोलू नको वं माय, मोजून राहिलो मी. त्या लाल काट्याकडे पाह्य. तो फिरून वर आला का मग बोल." मी पाहते. माझ्या शेजारी कोणाचं तरी पोर रडतं आहे, तेही माझ्यासारखंच मान वाकडी करून पाहायला लागतं आणि गप्प होतं.

बोटाला चिमटा असतानाच मला हे सगळं दिसलं. तुम्हाला कोणी फसवलं नव्हतं. त्या उजेडात पांढऱ्या तबकडीवर बारीक पांढरा काटा तुम्हाला दिसणार कसा होता? तुम्ही तो मुद्दाम बदलून घेतला होता, आणि मी तो काढून टाकला होता.

घरी न जाता मी तशीच इंजिनिअरांकडे गेले. शेटजी तिथेच बसले होते. इंजिनिअरांनी पांढरा कागद पसरून त्यावर डबा उपडा केला. इतके काटे एकत्र मी कधी पाहिले नव्हते, पाखराच्या पिसांसारखे, श्वास लागला तरी हलत होते. त्यातले लाल ते चिमट्याने बाजूला काढायला लागले. शेटजी म्हणाले, "ताई, स्वयंवर मांडलं का?" मग मी नाडीचं सांगितलं. त्यांची थट्टा थांबली. खुर्ची कागदाजवळ ओढून म्हणाले, "मंग तर तोच पाहिजे जी. दुसरा नाही चालत."

लांबी पाहिली, भोक पाहिलं, एकेक बाद झाला. शेवटी दोन राहिले. दोन्ही बसत होते, दोन्ही रेघांच्या बाहेर जात होते. एकाचं टोक किंचित वाकलेलं, एकाचा रंग शेपटाशी उडालेला. इंजिनिअर म्हणाले, आता तुम्हीच ओळखा. मी भिंग लावलं. त्या दिवशीही मी याच भिंगातून तो काटा पाहिला होता, पण तो चुकीचा आहे यापलीकडे मला त्यातलं काही आठवेना. दोघं वाट पाहत होते. मी एकावर बोट दाखवून म्हणाले, "हा."

"पक्कं?"

"पक्कं."

बसवताना इंजिनिअर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, काहून असं विचारलं होतं मी त्या दिवशी, खऱ्या उत्तराले थांबलो नाही.

मला तुम्हाला विचारायचं आहे ते असं. तुम्ही कोणत्या दुकानात गेला होता? त्यानेही असाच डबा तुमच्यापुढे उपडा केला होता का? लालच हवा हे घरून ठरवून निघाला होता, की तिथे उजेडाला धरून पाहिल्यावर ठरलं? पोरं गप्प बसतील हे आधीच डोक्यात होतं, की ते नंतर लक्षात आलं? तो दुकानदार म्हणाला असेल, हा यातला नाही. त्याला तुम्ही काय सांगितलं?

मी आता घड्याळ तुमच्यासारखंच आतल्या बाजूला घालते. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी कधी कधी आपलीच नाडी धरून बसते. मध्येच आकडा चुकतो, मग काटा फिरून वर येण्याची वाट पाहते आणि पुन्हा सुरू करते.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहून टाकते. त्या दोन काट्यांतला तुमचा कोणता ते मला ओळखता आलं नाही. गटात नवीन माणूस आला की शेटजी माझा हात धरून दाखवतात, "पहा जी, कंपाउंडर साहेबाचा असली काटा." सगळे वाकून पाहतात. मी काही बोलत नाही.